कारने धक्का दिला, बाईक पडली: दुरुस्तीची सुरुवात डूमपासून नको

सिग्नल सुटतो, उजवीकडची कार इंडिकेटर न देता डावीकडे वळते, तिचा बंपर तुमच्या पुढच्या चाकाला टेकतो आणि बाईक डाव्या अंगावर आडवी होते. वेग जेमतेम पंधरा. तुम्ही उठता, पँट झटकता, बाईक उचलता. डूम (हेडलाईटभोवतीचं प्लॅस्टिकचं कवच) फुटलाय, डावा आरसा लटकतोय, क्लच लिव्हर वाकलाय. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये जाऊन नेमक्या याच तीन गोष्टी बदलून आणता, आणि आठवड्याने लक्षात येतं की सरळ जाताना हँडल किंचित उजवीकडे ठेवावं लागतंय.

माझं अगदी हेच झालं होतं. कर्वे रस्त्यावर पडलो, तेव्हा डूम, हँडल, इंडिकेटर आणि पेंट असं सगळं एका गॅरेजमधून करून घेतलं. पुढचा शॉकप (शॉक ॲब्सॉर्बर) कुणी तपासलाच नव्हता. नंतर तो दुसरीकडे दाखवला, तेव्हा नवा डूम पुन्हा उतरवावा लागला आणि उतरवताना त्याचा एक कान तुटला. तेव्हापासून ओळखीत कुणाची बाईक पडली की मी फोनवर एकच प्रश्न विचारतो: "शॉकप बघितलास का?" बहुतेकांचं उत्तर असतं, "अरे, आधी डूम तर बसवू दे."

खालचा क्रम स्प्लेंडर, शाईन, युनिकॉर्न, पल्सर अशा रोजच्या वापरातल्या बाईकसाठी आहे: पुढे दोन नळ्यांचा शॉकप, मागे चेन. सगळं स्वतः करायची गरज नाही. पण तपासणी स्वतः करून गॅरेजमध्ये गेलात, तर मिस्त्रीशी होणारं बोलणंच बदलतं.

हे घरी करू नका, जर: पुढचं चाक मागे सरकून इंजिनच्या जवळ आलेलं दिसत असेल, बाईक ढकलताना चाक कुठेतरी घासत असेल, किंवा टाकीखाली जिथे चासी हँडलच्या नळीला जोडलेली असते तिथला रंग सुरकुतला किंवा तडकला असेल. ही किरकोळ धडक नव्हे. टेम्पो बोलवा.

## टप्पा १: जागेवरची पहिली पंधरा मिनिटं

आधी माणसं, मग बाईक. कुणाला लागलं असेल तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा, पोलिसांसाठी ११२. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे. "मला काही झालं नाही" हे वाक्य घाईने म्हणू नका. मनगट आणि गुडघा संध्याकाळी बोलतात.

मग पुढच्या क्रमाने:

१. किल्ली बंद करा. कार्ब्युरेटरची जुनी बाईक असेल तर पेट्रोलचा कॉकही बंद करा. पेट्रोल गळत असेल तर आसपास कुणाला सिगारेट पेटवू देऊ नका. बघ्यांच्या गर्दीत असा एक तरी निघतो.

२. उचलण्याआधी चार फोटो काढा: दोन्ही गाड्या एका चौकटीत, दोन्ही नंबरप्लेट, कारवर जिथे घासलंय ती जागा, आणि रस्त्याची एखादी खूण (सिग्नलचा खांब, दुकानाची पाटी). वाहतुकीला धोका होत असेल तर एकच फोटो काढा आणि बाईक बाजूला घ्या.

३. कारचा नंबर, चालकाचं नाव आणि फोन घ्या, कारच्या विम्याच्या कागदाचा फोटो घ्या.

इथली नेहमीची चूक: कारवाला खिडकीतून दोन हजार रुपये पुढे करतो आणि आपण ते घेऊन विषय मिटवतो. डूमचा हिशोब तेवढ्यात बसतोही. शॉकपच्या नळ्या आणि टी (नळ्या धरणारे वरचे-खालचे क्लॅम्प) बदलायची वेळ आली की बसत नाही. आणि एकदा "मिटलं" म्हटल्यावर तो फोन उचलणार नाही. पैसे घ्यायचे असतील तर अंदाजपत्रक आल्यावर घ्या आणि व्हॉट्सॲपवर दोघांनी तसं लिहून ठेवा.

चालवत घरी जायचं का? हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळतंय, दोन्ही ब्रेक लागतायत, चाक मोकळं फिरतंय आणि काही गळत नाही, या चारही गोष्टी जमल्या तर सावकाश जा. एकही चुकली तर ढकलत न्या, चाकच घासत असेल तर टेम्पो बोलवा.

## टप्पा २: पाना हातात घेण्याआधी विमा

खोललेल्या बाईकवर विमा कंपनी वाद घालते, म्हणून क्रम असा ठेवा: कळवणं, पाहणी, मगच खोलणं. त्याच दिवशी कंपनीच्या नंबरवर किंवा ॲपवर कळवा आणि क्लेम क्रमांक लिहून ठेवा. आरसी, लायसन्स, पॉलिसी, गॅरेजचं अंदाजपत्रक आणि फोटो एका ठिकाणी ठेवा.

पॉलिसी नीट वाचा. फक्त थर्ड पार्टी असेल तर तुमच्या बाईकचं नुकसान तुमची कंपनी देणार नाही. तेव्हा कारच्या थर्ड पार्टी विम्यातून मागायचं, त्याला पोलिसांची नोंद लागते आणि वाट मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जाते. चार-पाच हजारांसाठी तो रस्ता क्वचितच कुणी धरतो. चूक स्पष्ट असेल तर कारवाल्याशी बोलून घेणंच सोपं जातं.

सर्वसमावेशक पॉलिसी असेल तरी पूर्ण बिल मिळेल असं धरू नका. घसारा कापला जातो: रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर सरसकट ५० टक्के, धातूच्या भागांवर बाईकच्या वयानुसार. सहा महिन्यांपर्यंत काही नाही, दुसऱ्या वर्षात १० टक्के, चौथ्या वर्षात २५, पाच ते दहा वर्षांच्या बाईकला ४०. डूम, इंडिकेटर, मडगार्ड ही सगळी प्लॅस्टिकची मंडळी. त्यामुळे 'झीरो डेप' (घसारा न कापणारी जोड) नसेल तर हातात निम्मेच येतात.

"क्लेम केला तर नो क्लेम बोनस जाईल" म्हणून बरेच जण क्लेमच करत नाहीत. आकडा मांडून बघा. बोनस फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो, थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नाही. समजा तो हप्ता ८०० रुपये आणि बोनस ३५ टक्के. पुढच्या वर्षी जातात २८० रुपये. बोनस पुन्हा शून्यापासून चढत जातो, म्हणून पुढची दोन-तीन वर्षंही थोडं थोडं जाईल. तरी एकूण बेरीज हजाराच्या आसपास. नळ्या आणि टी बदलायची असेल तर क्लेम परवडतो. नुसता आरसा आणि लिव्हर असेल तर खिशातून द्या.

तपासा: अंदाजपत्रकात "खोलल्यावर आढळलेलं नुकसान वेगळं" असं लिहून घेतलंय का? नंतर वाकडी नळी सापडली तर सर्व्हेअरला (विमा कंपनीच्या पाहणी करणाऱ्याला) पुन्हा दाखवता येते. नवी बसवल्यावर दाखवून उपयोग नाही.

## टप्पा ३: इंजिन सुरू करायची घाई नको

आडवी पडलेली बाईक उचलल्या-उचलल्या सेल्फ मारणं ही आपली सवय. पडल्यावर इंजिन ऑईल श्वासनळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जाऊ शकतं, आणि कार्ब्युरेटरच्या बाईकमध्ये पेट्रोल सिलेंडरमध्ये उतरू शकतं.

१. मधल्या स्टँडवर सरळ उभी करून पंधरा मिनिटं तशीच ठेवा.

२. ऑईलची पातळी बघा. पातळी वाढलेली दिसली किंवा ऑईलला पेट्रोलचा वास आला, तर ऑईल बदलल्याशिवाय सुरू करू नका.

३. एअर फिल्टर उघडा. कागदी फिल्टर ऑईलने भिजला असेल तर नवा घ्या. तो धुता येत नाही.

४. किक असेल तर किल्ली बंद ठेवून हाताने हळूच दाबा. मध्येच दगडासारखी अडली तर जोर लावू नका. प्लग काढून आत साचलेलं बाहेर येऊ द्या.

बीएस-६ बाईक नुसतीच कुरकुरत असेल आणि पेटत नसेल तर घाबरू नका. बाईक आडवी झाली की सेन्सर पेट्रोलचा पंप बंद करतो. किल्ली पूर्ण बंद करून पुन्हा चालू केली की बऱ्याच बाईक मार्गी लागतात. सुरू झाल्यावर दोन-चार मिनिटं पांढरा-निळा धूर येईल. तेवढा चालतो. पाच मिनिटांनंतरही येत राहिला तर चालत नाही.

डाव्या अंगावर पडलेल्या बाईकचं मॅग्नेट कव्हर आणि उजव्या अंगावर पडलेल्या बाईकचं क्लच कव्हर बॅटरीच्या उजेडात बघा. केसासारखी चीर असेल आणि ऑईल पाझरत असेल तर एम-सील लावून गॅरेजपर्यंत जाता येतं. एम-सील लावून वर्षभर चालवता येत नाही.

## टप्पा ४: पुढचा शॉकप, पीळ बसलाय की वाकलाय?

सगळी गंमत आणि सगळे पैसे इथे आहेत. पुढच्या चाकाला बाजूने धक्का बसला की दोन गोष्टी होऊ शकतात. एक, नळ्या शाबूत पण टीच्या पकडीत फिरून पिळल्या गेल्यात. हे अर्ध्या तासात, एक रुपया खर्च न करता सुटतं. दोन, नळी किंवा टी खरोखर वाकली आहे. मग नवं घ्यावं लागतं. गॅरेजमध्ये पहिल्या प्रकाराला दुसऱ्याचं बिल लागतं, आणि दुसऱ्या प्रकाराला "हँडल ॲडजस्ट केलंय" म्हणून बोळवण होते. दोन्ही मी पाहिलंय.

लागणारं सामान: १० ते १७ पर्यंतचे पाने, एलन की, टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा; शेजारच्या गॅरेजमधून तासभर मागून आणला तरी चालेल), इंजिनखाली द्यायला लाकडी ठोकळे, सुतळी, टेप, खराट्याची एक काडी, आणि जुन्या फोटोफ्रेमची सपाट काच. बोल्टसाठी घरातलं जुनं इडलीपात्र घ्या. प्रत्येक खळग्यात एका जागेचे बोल्ट. मिस्त्री हसेल, पण बोल्ट हरवणार नाही.

### काचेची चाचणी

बाईक मधल्या स्टँडवर, चाक सरळ. समोर उकिडवे बसा. खालच्या टीच्या खाली दोन्ही नळ्यांचा चकचकीत भाग दिसतो. तो पुसा आणि काच दोन्ही नळ्यांवर आडवी टेकवा. नळ्या समांतर असतील तर काच चारही ठिकाणी बसते. एका कोपऱ्यावर बोट दाबल्यावर समोरचा कोपरा उचलला आणि 'टक' आवाज आला, तर नळ्या एका पातळीत नाहीत. हा 'टक' एकदा ऐकलात की पुन्हा कधी शंका येत नाही.

(धातूची पट्टी वापरू नका, नळीवर ओरखडा उठतो. त्या ओरखड्यातूनच पुढे ऑईल सील फाटतं.)

### पीळ काढायचा क्रम

१. इंजिनखाली ठोकळे देऊन पुढचं चाक अधांतरी करा. बाईक हलत नाही ना, हे दोनदा बघा.

२. नळ्या वरच्या टीमधून किती वर आल्यात, त्या उंचीवर मार्करने खूण करा.

३. आता सैल करायचं, काढायचं नाही. मडगार्डचे बोल्ट, एक्सलचा नट, एक्सल आवळणारा बोल्ट असेल तर तो, खालच्या टीचे बोल्ट, शेवटी वरच्या टीचे. प्रत्येक एखादा आटा.

४. समोर उभे राहून चाक गुडघ्यांत धरा आणि चाक सरळ असताना हँडल ज्या बाजूला वळलेलं दिसतं, त्याच्या उलट बाजूला ते फिरवा. ठोकायचं नाही, दमाने. बहुतेक वेळा हातालाच जाणवतं की काहीतरी सुटून जागेवर आलं.

५. उंचीची खूण बघा, टीचे बोल्ट हलके आवळा, काच पुन्हा लावा.

६. काच बसली की खालच्या टीचे बोल्ट, मग वरच्या टीचे, मॅन्युअलमधल्या टॉर्कला. मग एक्सलचा नट. ठोकळे काढून बाईक जमिनीवर घ्या, पुढचा ब्रेक दाबून शॉकप चार-पाच वेळा दाबा. त्यानंतर एक्सलचा आवळणारा बोल्ट आणि सगळ्यात शेवटी मडगार्ड.

धोका: टीचे बोल्ट सैल असताना बाईक ठोकळ्यांवरून उतरवू नका. काही बाईकमध्ये नळ्या टीमधून सरकन वर जातात आणि बाईकचं नाक खाली बसतं.

मडगार्ड शेवटी का? तो दोन्ही पायांना बांधतो. आधी आवळलात तर पीळ तिथेच कायम होतो. चार बोल्टसाठी पूर्ण काम पुन्हा करणारे बरेच बघितलेत.

### काच तरीही टकटकली तर

चाक आणि मडगार्ड काढा. एकेक नळी टीमध्ये किंचित सैल करून हाताने गोल फिरवा आणि खालच्या टोकाकडे बघा. टोक जागेवर फिरलं तर नळी सरळ. टोकाने हवेत वर्तुळ काढलं तर वाकडी. बाहेर काढून काचेवर लोळवली तर फटही दिसते. बऱ्याच मॅन्युअलमध्ये वाकडेपणाची मर्यादा ०.२ मिमी असते. डोळ्याला स्पष्ट दिसतंय म्हणजे ती केव्हाच ओलांडलेली आहे.

नवी नळी बसवताना टीचीही परीक्षा होते. नळी खालच्या टीमधून वर सरकवा. ती वरच्या टीच्या भोकात हाताने अलगद गेली पाहिजे. हातोडी लागली म्हणजे टी वाकली आहे. "बसली की राव" म्हणून ठोकून बसवलेली नळी पहिल्याच खड्ड्यात सील फाडते.

वाकडी नळी प्रेसवर सरळ करून देणारे लेथवाले गावोगावी आहेत आणि त्यांचा हात चांगला असतो, वाद नाही. तरी मी नळी सरळ करून वापरणार नाही. वाकलेल्या जागचं क्रोम सुटतं, आणि तिथला पोलाद एकदा ताणून पुन्हा दाबलेला असतो. बाकी कुठेही पैसे वाचवा. नव्या नळीसोबत दोन्ही बाजूंची सीलं बदला आणि दोन्ही पायांत मोजून सारखंच ऑईल भरा. एकाच पायाचं ऑईल बदललं तर दोन्ही पाय सारखं काम करत नाहीत.

### कोनसेट (हँडलच्या नळीतलं गोळ्यांचं बेअरिंग)

पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल एका बोटाने सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. बरोबर मध्यावर किंचित अडकल्यासारखं झालं, तर धक्क्याने गोळ्यांनी वाटीत खळगे पाडलेत. ग्रीस भरून ते जात नाहीत, सेट बदलावा लागतो. मग शॉकपचे पाय खालून धरून मागे-पुढे हलवा. कटकट जाणवली तर सैल आहे.

हँडल टोकाला नेल्यावर टाकीला टेकतंय का, तेही बघा. टेकत असेल तर खालच्या टीवरचा अडवणारा खुंट वाकलाय.

## टप्पा ५: चाक आणि ब्रेक

खराट्याची काडी शॉकपच्या पायाला रबरबँडने अशी बांधा, की टोक रिमच्या कडेपासून दोन मिमीवर राहील. चाक हळू फिरवा. काडी रिमला घासली किंवा फट दुप्पट झाली तर रिम आऊट (वाकडी) आहे. मर्यादा साधारण दोन मिमी धरतात. तारांचं चाक असेल तर जाणता माणूस तारा आवळून आऊट काढतो. अलॉय असेल तर वाकलेलं किंवा तडकलेलं बदलायचं. गरम करून ठोकलेल्या किंवा वेल्डिंग मारलेल्या अलॉयवर घरच्या माणसाला बसवू नका. ट्यूबलेस टायर असेल तर रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

डिस्क फिरवताना पॅडला एकाच जागी घासण्याचा आवाज आला तर ती वाकलीय. ब्रेकचा पाईप टीजवळ चेंगरलाय का, ऑईलच्या डबीला चीर आहे का, बघा. लिव्हर दाबून तीस सेकंद धरून ठेवा. हळूहळू आत जात असेल तर हवा किंवा गळती. एबीएस असेल तर चाकाजवळची सेन्सरची वायर तपासा. बाईक चालू लागल्यावर एबीएसचा दिवा विझला पाहिजे.

## टप्पा ६: सुतळीने चासी

सुतळी लावण्याआधी मागचं चाक चेन ॲडजस्टरच्या दोन्ही खुणांवर सारखं आहे याची खात्री करा. नाहीतर सुतळी चासीला नाहक गुन्हेगार ठरवेल.

सुतळी मागच्या टायरच्या मागून घ्या. दोन्ही टोकं जमिनीपासून वीतभर उंचीवर, दोन्ही बाजूंनी पुढे ताणा आणि पुढच्या चाकाच्या पलीकडे दोन विटांना बांधा. सुतळी मागच्या टायरच्या मागच्या आणि पुढच्या कडेला जेमतेम टेकली पाहिजे. स्टँड मध्ये येत असेल तर उंची थोडी बदला. पुढचं टायर बहुधा अरुंद असतं, म्हणून तिथे दोन्ही बाजूंना फट दिसेल. पुढचं चाक सरळ करून फट मोजा. डावी-उजवी सारखी आली तर चाकं एका रेषेत. चार-पाच मिमीचा फरक आला तर पुन्हा एकदा सुतळी लावा, कारण पहिल्यांदा ती हमखास कुठेतरी अडकलेली असते. तरीही फरक राहिला तर चासी किंवा मागचं चाक धरणारा चिमटा तपासायला योग्य जागी न्या.

## टप्पा ७: लिव्हर, पॅडल, केबल

क्लच आणि ब्रेकचे लिव्हर ओतीव ॲल्युमिनियमचे. वाकलेला लिव्हर पान्याने सरळ केला तर आज सरळ होईल आणि एखाद्या दिवशी, नेमका सिग्नलला, हातात येईल. नवा घ्या, फार महाग नाही.

गिअर पॅडल लोखंडी, सरळ करता येतं. पण आधी शाफ्टवरून काढा. बाईकवरच पाईप घालून ओढलं की गिअर शाफ्ट वाकतो, त्याचं सील गळायला लागतं, आणि काही इंजिनांत तो शाफ्ट बदलायला क्लचच्या बाजूचं कव्हर उघडावं लागतं. शंभर रुपयांच्या कामाचे दोन हजार असेच होतात. काढण्याआधी शाफ्टवर पॅडलची जागा मार्करने खुणावून ठेवा.

तपासा: इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. रेस वाढली तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जातेय. ही चुकीच्या मार्गाने नेलेली केबल वळणावर घात करते.

## टप्पा ८: आता डूम, पेंट आणि बाकी

पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या गावच्या पार्टच्या लायनीत जाल, तेव्हा आरसीचा फोटो आणि जुना पार्ट दोन्ही न्या. एकाच बाईकचे वर्षागणिक डूम बदलतात आणि "सगळ्याला बसतो" म्हणून दिलेला डूम कशालाच बसत नाही. आरसा, इंडिकेटर, साडी गार्ड चांगल्या लोकल कंपनीचे चालतील. लिव्हर, नळ्या, कोनसेट, ब्रेकचं काही असेल तर ओरिजिनलच. जुन्या बाजारातले शॉकप तर नकोच. ते कुठल्या बाईकचे, आणि ती बाईक भंगारात का गेली, कोण सांगणार?

टाकीला खड्डा असेल तर पेंटवाल्याला आधीच विचारा, तो कसा काढणार. पेट्रोल काढून टाकलेल्या टाकीतही वाफ राहते. तिच्याजवळ गॅसची ज्योत नेणाऱ्याकडे टाकी देऊ नका.

नंबरप्लेट वाकली किंवा तुटली असेल तर पाटीवाल्याकडून नवी रंगवून घेऊ नका. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) खराब झाली तर अधिकृत पोर्टलवरूनच दुसरी मागवावी लागते. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या बाईकलाही महाराष्ट्रात ती लागते.

हेडलाईट बसवल्यावर रात्री भिंतीसमोर उभी करून झोत बघा. नव्या डूमबरोबर तो बहुतेक वेळा वर गेलेला असतो.

## टप्पा ९: चालवून बघणं

पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, वीस-तीसच्या वेगात. हँडल हलकं धरा. बाईक कुठल्या बाजूला ओढते? मग पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबा. ब्रेक लावल्यावरच ओढत असेल तर डिस्क किंवा शॉकपच्या पायांकडे परत जा. न लावताही ओढत असेल तर आधी टायरमधली हवा बघा, मग पीळ. वेग चाळीसच्या आसपास आल्यावर हँडल थरथरत असेल तर रिम किंवा कोनसेट. हात सोडून बघायचा मोह आवरा.

परत आल्यावर शॉकपच्या नळ्यांवर बोट फिरवा. ऑईलची रेघ लागली तर सील गेलंय.

शंभर किलोमीटर झाले की टीचे बोल्ट, एक्सल, मडगार्ड आणि हँडलचे क्लॅम्प पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासा. आणि काच फेकू नका, माळ्यावर ठेवा. माझी आजवर शेजाऱ्यांच्या तीन बाईकवर लागलीय, त्यातल्या दोन टकटकल्या.